बॅकअपसाठी हार्ड डिस्क: एक मोठी घेण्यापेक्षा दोन साध्या

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी सांगलीतील आमच्या घरात शिरले, तेव्हा माझा संगणक आणि त्याचा बॅकअप असलेली हार्ड डिस्क एकाच टेबलावर होती. घरातील वृद्ध माणसांना बाहेर काढण्याच्या धांदलीत दोन्ही वस्तू तिथेच राहिल्या आणि पाणी ओसरल्यावर दोन्ही चिखलात सापडल्या. मी घरी बसून अक्षरजुळणीचे काम करते. दर शनिवारी न चुकता बॅकअप घेत होते आणि तरीही अनेक वर्षांच्या कामातील काहीही उरले नाही. पुसून, चार दिवस उन्हात वाळवून मी ती डिस्क पुन्हा संगणकाला जोडली, ही दुसरी चूक ठरली. आतबाहेरच्या हवेचा दाब सारखा राहावा म्हणून अशा डिस्कला एक बारीक छिद्र असते, त्यातून पाणी आणि गाळ आत जातो, आणि त्या अवस्थेत तबकडी फिरवली तर वाचू शकणारी माहितीही खरवडली जाते. भिजलेली डिस्क सुरू न करता जाणकाराकडे द्यावी, हे मला फार उशिरा कळले.

त्यानंतर स्वतःसाठी आणि ओळखीच्या लेखकांसाठी मी बऱ्याच डिस्क निवडल्या. दुकानात गेल्यावर बहुतेक जण ‘सर्वांत मोठी आणि सर्वांत वेगवान कोणती?’ असे विचारतात. माझा आग्रह वेगळा आहे. जेवढे पैसे खर्च करायचे ठरवले असतील, तेवढ्यात एकाच क्षमतेच्या दोन साध्या डिस्क घ्याव्यात आणि त्यांतील एक कायम दुसऱ्या घरी ठेवावी.

पहिला निर्णय फिरती तबकडी की एसएसडी, म्हणजे चिपमध्ये माहिती साठवणारी डिस्क, हा असतो. एसएसडीमध्ये हलणारा भाग नसल्यामुळे ती हातातून पडली तरी सहसा वाचते, आणि तिचा वेगही कितीतरी अधिक असतो. ज्यांना रोज डिस्क पिशवीत घालून प्रवास करावा लागतो, त्यांनी तीच घ्यावी. परंतु त्याच क्षमतेला ती बरीच महाग पडते. शिवाय तिच्यातील माहिती विद्युतभाराच्या रूपात साठवलेली असते आणि डिस्क दीर्घकाळ विजेविना पडून राहिली, त्यातही ती खूप वापरलेली असेल आणि जागा उष्ण असेल, तर तो भार हळूहळू झिरपून जातो. महिनोन् महिने कपाटात राहणाऱ्या प्रतीसाठी म्हणूनच मी फिरती डिस्क पसंत करते. तीही सुरू असताना मात्र अजिबात हलवू नये.

फिरत्या डिस्कमध्येही अडीच इंची आणि साडेतीन इंची असे दोन आकार मिळतात. साडेतीन इंचीला वेगळा अडॅप्टर लावावा लागतो, त्यामुळे वीज गेली की लिहिणे अर्ध्यावर तुटते. अडीच इंची डिस्क यूएसबी केबलमधूनच वीज घेते, म्हणजे लॅपटॉपच्या बॅटरीवर काम पुरे होते. घरगुती वापराला तीच सोयीची आहे.

क्षमता ठरवताना आज संगणकावर किती माहिती आहे ते पाहून तिच्या किमान दुप्पट, शक्यतो तिप्पट जागा धरावी, कारण चांगला बॅकअप फायलींच्या जुन्या आवृत्त्याही सांभाळतो. लेखकाने परवा गाळलेले प्रकरण आज परत मागितले, असे माझ्या कामात वारंवार घडते. खोक्यावर १ टीबी लिहिलेले असताना विंडोजमध्ये ९३१ जीबीच दिसतात, याने पुष्कळ जण धास्तावतात. त्यात फसवणूक नाही. उत्पादक हजाराच्या पटीत मोजतात आणि विंडोज १०२४ च्या पटीत मोजते, एवढाच तो फरक आहे. खरी फसवणूक निराळीच असते. अविश्वसनीय स्वस्तात १६ टीबी देणाऱ्या अनोळखी नावाच्या डिस्कच्या पोटात अनेकदा एखादे छोटे मेमरी कार्ड असते, आणि ते भरले की पुढची माहिती जुन्या माहितीवर लिहिली जाते. म्हणून नवी डिस्क आणल्यावर विंडोजवर ‘एचटूटेस्टडब्ल्यू’ किंवा लिनक्स आणि मॅकवर ‘एफथ्री’ हा मोफत प्रोग्रॅम चालवून ती एकदा काठोकाठ भरून तपासावी. याला बराच वेळ लागतो, पण आरंभीच सदोष असलेली डिस्कही बदलून मिळण्याच्या मुदतीतच उघडी पडते.

वेगाविषयी एक बाब समजून घेण्याजोगी आहे. आजच्या अडीच इंची डिस्कपैकी बहुसंख्य डिस्कमध्ये माहितीच्या पट्ट्या एकमेकींवर थोड्या चढवून लिहिलेल्या असतात, अगदी आपल्या कौलारू छपरासारख्या. खालचे एक कौल बदलायचे तर वरची कौले उचलावी लागतात. तसेच येथे एक पट्टी बदलायची तर शेजारच्या पट्ट्याही पुन्हा लिहाव्या लागतात. या रचनेला एसएमआर म्हणतात. मोठी नक्कल करताना सुरुवातीला भरधाव चाललेली डिस्क मध्येच अतिशय मंद होते, त्याचे कारण बहुधा हेच असते, आणि ती बिघडली असे समजून केबल ओढण्याचे कारण नाही. सतत फेरलिखाण होणाऱ्या कामाला ही रचना योग्य नाही, पण आठवड्यातून एकदा घेतलेल्या बॅकअपला ती पुरेशी आहे. २०२० मध्ये काही उत्पादकांनी ही रचना न सांगता डिस्क विकल्याचे उघड झाले, तेव्हापासून कोणत्या डिस्कमध्ये ती आहे याच्या याद्या प्रसिद्ध होऊ लागल्या. विकत घेण्यापूर्वी त्या पाहाव्यात.

याहून मोठा फरक पोर्टमुळे पडतो. जुन्या यूएसबी २.० पोर्टवर सेकंदाला सुमारे ३५ एमबी मिळतात, म्हणजे १ टीबीला आठ तास लागतात, यूएसबी ३.० वर तीच डिस्क सेकंदाला १२० एमबीच्या आसपास जाते आणि काम अडीच तासांच्या आत संपते. केबलचे टोकही निरखून पाहावे. अनेक अडीच इंची डिस्कचे रुंद, चपटे टोक नाजूक असते, आणि कित्येक मॉडेलमध्ये यूएसबीचा सांधा डिस्कच्या मूळ सर्किटच्या पाटीवरच जोडलेला असल्यामुळे तो तुटला की डिस्क दुसऱ्या पेटीत बसवून वाचता येत नाही. टाइप-सी सांध्याची डिस्क मिळत असेल तर थोडे जास्त पैसे द्यावेत. हमीविषयी एवढेच सांगते की ती डिस्कची असते, आतील माहितीची नसते.

फॉरमॅट, म्हणजे डिस्कवर फायली मांडण्याची पद्धत, तीही आधीच ठरवावी. केवळ विंडोज वापरणाऱ्यांनी एनटीएफएस हा फॉरमॅट ठेवावा. मॅक तो वाचतो, पण स्वतःहून त्यावर लिहीत नाही, म्हणून दोन्हीकडे डिस्क न्यायची असल्यास एक्सफॅट घ्यावा लागतो. मात्र लिहिणे चालू असताना केबल निघाली तर एक्सफॅटमधील माहिती बिघडण्याचा धोका अधिक असतो. दुसऱ्या घरी राहणारी डिस्क मी पासवर्डने कुलूपबंद करते, कारण तिच्यात लेखकांनी विश्वासाने सोपवलेली अप्रकाशित हस्तलिखिते असतात. विंडोजच्या प्रो आवृत्तीत त्यासाठी बिटलॉकर आहे आणि होम आवृत्तीवर मोफत व्हेराक्रिप्ट चालते. पासवर्ड कागदावर लिहून डिस्कपासून दूर ठेवावा, कारण तो हरवला तर ती माहिती कोणालाही उघडून देता येत नाही.

मराठी अक्षरजुळणी करणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते. युनिकोड ही अक्षरांची सर्वत्र चालणारी सामायिक पद्धत रुळण्यापूर्वीच्या आपल्या कामाची पाने उघडताना मूळ फाँट नसेल, तर पडद्यावर मराठीच्या जागी रोमन अक्षरे आणि चिन्हांचा निरर्थक गुंता दिसतो. नुसत्या फायलींचा बॅकअप तिथे अपुरा आहे. फाँट, कळफलकाची मांडणी आणि प्रत्येक पुस्तकाची पीडीएफ हे सारे त्याच फोल्डरमध्ये असले पाहिजे. पुरानंतर एका प्रकाशकाने जुन्या फायली मोठ्या मनाने परत दिल्या, पण त्यांतील एका कवितासंग्रहाचा फाँट मिळेना आणि तो संग्रह मला छापील प्रतीवरून पुन्हा टंकावा लागला.

आता माझ्याकडे २ टीबीच्या दोन डिस्क आहेत. एकीवर ‘सम’ आणि दुसरीवर ‘विषम’ अशी चिठ्ठी लावली आहे. सम महिन्यांत पहिली माझ्या घरी असते आणि दुसरी मिरजेला बहिणीकडे, वरच्या मजल्यावरील कपाटात; विषम महिन्यांत उलट. घरची डिस्क शनिवारी बॅकअपपुरतीच जोडते, कारण फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस संगणकात शिरला तर त्या वेळी जोडलेली डिस्कही त्याच्या तावडीत सापडते. डिस्कची अदलाबदल करण्यापूर्वी मी एखादे जुने पुस्तक बॅकअपमधून दुसऱ्या संगणकावर उतरवते आणि त्याची दहा-बारा पाने जोडाक्षरांसह नीट उमटतात का, ते पाहते. तेवढे झाल्यावरच डिस्क जाड कापडी पिशवीत, सिलिका जेलच्या पुडीसह मिरजेला जाते.