तुम्ही विचारलंत म्हणून: न चालणाऱ्या फाईलवर इतका जीव का?

“ताई, ही फाईल तर कुठेच चालत नाही. मग दर वेळी ती नव्याने बनवायला का लावता?”

टीममध्ये कोणी नवं आलं की पंधरवड्याच्या आत हा प्रश्न येतोच. परवा तो ट्रान्स-हार्बर लोकलमध्ये आला. दिघा गाव गेलं होतं, ऐरोलीला उतरायचं म्हणून आम्ही दाराकडे सरकत होतो. “ती सर्व्हरसाठी नाही, एडिटरसाठी असते,” एवढंच त्या गर्दीत सांगून झालं. ते उत्तर अपुरं होतं, म्हणून आता सवडीने लिहिते.

फाईल म्हणजे लॅराव्हेलच्या (पीएचपी भाषेत वेबसाइट बनवायचा तयार सांगाडा) प्रोजेक्टमध्ये आम्ही एका कमांडने तयार करतो ती हेल्पर फाईल. नावाच्या सुरुवातीला अंडरस्कोअर, पुढे आयडीई हेल्पर. उघडलीत तर आत हजारो ओळी दिसतील, क्लास दिसतील, मेथड (क्लासला करता येणारी कामं) दिसतील, कॉमेंट (न चालणाऱ्या, वाचणाऱ्यासाठीच्या टिपा) तर पानंच्या पानं. सर्व्हर यातलं एक अक्षर वाचत नाही. वाचतो तो फक्त तुमचा एडिटर, म्हणजे कोड लिहायचा प्रोग्राम, आणि तोही एवढ्यासाठीच की तुम्ही टाईप करताना पुढचं नाव त्याला सुचवता यावं.

यावर माझा जीव का, ते सांगायचं तर थोडं मागे जावं लागेल. मी कळव्यात वाढले, मराठी माध्यमात शिकले, डिप्लोमा केला आणि २००९ मध्ये वागळे इस्टेटमधल्या एका छोट्या कंपनीत लागले. खाली प्रेसचा गाळा, वर आमचं ऑफिस. शिकवायला कोणाला सवड नव्हती, आणि विचारायचं तर इंग्रजीत विचारावं लागेल या धास्तीने माझा घसा कोरडा पडायचा. त्या दिवसांत मला शिकवलं ते नेटबीन्स या एडिटरमधल्या सजेशनच्या यादीने. ऑब्जेक्टचं नाव लिहायचं, पुढे बाण (->) काढायचा, की खाली यादी उलगडायची. या ऑब्जेक्टला काय काय करता येतं, कुठल्या मेथडला काय द्यायचं, ती परत काय देते, सगळं समोर. जेवणाच्या सुट्टीत मी ती नावं वहीत उतरवून घ्यायचे, स्पेलिंगसकट. कोणाला न विचारता, कोणाच्या कपाळावर आठी न बघता शिकायची ती माझी एकमेव जागा होती.

पण ती यादी कधीकधी रिकामीच यायची. आमचं काम कोडइग्नायटर या पीएचपीच्याच दुसऱ्या सांगाड्यात चालायचं. त्यात डेटाबेस, सेशन, इनपुट हे सगळं प्रोग्राम चालू झाल्यावर जोडलं जातं. क्लासच्या मजकुरात त्याचा मागमूस नसतो. एडिटर कोड चालवत नाही, फक्त वाचतो. जे लिहिलेलंच नाही ते तो कुठून सांगणार? आमच्या एका सीनियरकडे कॉमेंटच्या पंधरा-वीस ओळी होत्या, प्रत्येक ओळ ‘ॲट प्रॉपर्टी’ने सुरू होणारी. त्या पेनड्राइव्हवरून एकाकडून दुसऱ्याकडे जायच्या. कंट्रोलरच्या डोक्यावर चिकटवल्या की यादी भरून यायची. प्रोग्रामच्या वागण्यात काडीचा फरक पडला नव्हता, पण मला मात्र रस्ता दिसायला लागला होता. ते मी विसरलेले नाही.

लॅराव्हेल टेलर ऑटवेल यांनी २०११ मध्ये आणलं. मी त्याकडे वळले ती चार-पाच वर्षांनी. त्यातला कोड वाचताना अजूनही प्रसन्न वाटतं, ओळ जवळपास बोलल्यासारखी असते. पण ती प्रसन्नता येते कुठून, ते एकदा समजून घ्या. पीएचपीत काही खास मेथड आहेत, दोन अंडरस्कोअरने सुरू होणाऱ्या. क्लासमध्ये नसलेलं नाव कोणी मागितलं, तर हात वर करण्याआधी पीएचपी या मेथडला विचारतं, “तुझ्याकडे याचं काही आहे का?” स्टॅटिक, म्हणजे ऑब्जेक्ट न बनवता थेट क्लासच्या नावाने मारलेल्या हाकांसाठीची अशी मेथड पीएचपी ५.३ मध्ये, म्हणजे २००९ मध्ये आली, आणि लॅराव्हेलचे फसाड, म्हणजे खऱ्या ऑब्जेक्टला हाक मारायची सोपी दर्शनी नावं, तिच्यावरच उभे आहेत. कॅशचा फसाड उघडून बघा. कोड म्हणून त्यात एक छोटीशी मेथड असते, आणि ती ‘कॅश’ हा एक शब्द परत देते. बाकी सगळं चालताना ठरतं: तो शब्द घेऊन कंटेनरकडे (ऑब्जेक्ट बनवून देणाऱ्या कोठाराकडे) जायचं, खरा ऑब्जेक्ट आणायचा, तुमची हाक त्याच्याकडे पोचवायची. प्रोग्रामला याची काहीच अडचण नाही. पण नुसतं वाचणाऱ्याला, मग तो एडिटर असो की काल रुजू झालेली मुलगी, त्या क्लासमध्ये ‘गेट’ नावाची मेथड सापडतच नाही.

इलोक्वेंट मॉडेलचं, म्हणजे लॅराव्हेलमध्ये डेटाबेसच्या एकेका टेबलासाठी असणाऱ्या क्लासचं, तर विचारूच नका. टेबलात वीस कॉलम असले तरी मॉडेलच्या फाईलमध्ये त्यातल्या एकाचंही नाव असायची सक्ती नाही. नावं डेटाबेसमधून येतात, मागाल तेव्हा.

इथे मला माझ्याच हातून घडलेली गोष्ट सांगायची आहे, कारण खरं उत्तर तिच्यात आहे. २०१६ मध्ये आम्ही घोडबंदर रोडवरच्या एका हाउसिंग सोसायटीचं मेंटेनन्स बिलांचं काम करत होतो. डेटाबेस जुनाच होता, आधीच्या कोणीतरी बनवलेला. थकबाकीवरच्या व्याजाचा एक कॉलम होता, आणि तो बनवणाऱ्याने ‘इंटरेस्ट’च्या स्पेलिंगमधला टीनंतरचा ई गाळला होता. मी बिलाचा कोड लिहिताना बरोबर स्पेलिंग लिहिलं. वर्षानुवर्षं घोटून घोटून पक्कं केलेलं स्पेलिंग. इलोक्वेंटला त्या नावाचा कॉलम सापडला नाही आणि त्याने मुकाट्याने नल, म्हणजे ‘काहीच नाही’, परत दिला. एरर नाही, इशारा नाही. नल बेरजेत गेला की शून्य धरला जातो. बिलं छापली गेली, वाटली गेली, पैसे जमाही झाले. दोन महिन्यांनी सोसायटीचे खजिनदार काका फाईल घेऊन ऑफिसात आले. शांतपणे बसले आणि म्हणाले, “ताई, थकबाकीवाल्यांचं व्याजच लागलेलं नाही.” त्यांनी हाताने आकडेमोड करून आणली होती, पेन्सिलने, एकेका फ्लॅटची. पुढच्या महिन्यात मागचं व्याज लावून बिलं काढली, तेव्हा लोकांचं बोलणं त्या काकांनी ऐकून घेतलं. चूक माझ्या एका ओळीची होती. ते आजही लागतं.

त्याच आठवड्यात मी हे हेल्पर पॅकेज बसवलं. ते २०१३ पासून होतं. बॅरी वॅन डेन ह्यूवेल या डच प्रोग्रामरने लिहिलेलं. त्याची कामाची पद्धत कळली तेव्हा मला त्या पेनड्राइव्हवरच्या पंधरा-वीस ओळी आठवल्या. काम तेच, फक्त आता हाताने करायचं नाही. कमांड दिली की ते आधी तुमचं ॲप्लिकेशन जागं करतं. मग एकेक फसाड घेऊन त्यामागचा खरा ऑब्जेक्ट शोधून काढतं. पीएचपीच्या रिफ्लेक्शनने (क्लासची रचना तपासायच्या सोयीने) त्याच्या मेथड, त्यांना काय द्यायचं, न दिल्यास काय धरलं जातं, वरच्या कॉमेंट, सगळं वाचतं आणि त्याच नावाचे क्लास एका फाईलमध्ये लिहून ठेवतं. जे चालताना दिसतं ते वाचणाऱ्यासाठी कागदावर उतरतं.

मॉडेलची कमांड वेगळी आहे, आणि माझ्या लेखी सगळ्यात मोलाची तीच. ती थेट डेटाबेसला जोडून घेते आणि टेबलातल्या प्रत्येक कॉलमचं नाव आणि जात लिहिते: अक्षरं असतील तर स्ट्रिंग, तारीख असेल तर कार्बन (लॅराव्हेलमधला तारखेचा ऑब्जेक्ट), रिकामा राहू शकत असेल तर पुढे नल. मॉडेलमधली नाती ओळखते. एका सदनिकेची अनेक बिलं असतील तर ‘बिल्स’ म्हटल्यावर कलेक्शन, म्हणजे बिलांचा संच, मिळणार, हे लिहून ठेवते. तुम्ही लिहिलेले स्कोप (नाव दिलेल्या शोधाच्या अटी) आणि ॲक्सेसर (कॉलमची किंमत घडवून देणाऱ्या मेथड) हुडकून, वापरताना त्यांची नावं जशी होतात तशीच मांडते. मी ती कमांड पहिल्यांदा चालवली तेव्हा बिलाच्या मॉडेलवर कॉमेंटची भिंत उभी राहिली आणि तिच्यात तो कॉलम दिसला, ई गाळलेला. डेटाबेसमध्ये जसा होता तसा, कोणी दुरुस्त न केलेला. बाण काढल्यावर यादीत तेच नाव आलं, आणि माझं बरोबर स्पेलिंग लिहिलं तर एडिटर त्याखाली रेघ मारू लागला. ही रेघ दोन महिने आधी दिसायला हवी होती.

कॉलेजात असताना मी एकांकिकेसाठी विंगेत बसून प्रॉम्प्टिंग केलंय. पडदा पडल्यावर प्रॉम्प्टर नमस्काराला येत नाही, प्रेक्षकाला तो असल्याचंही कळत नाही. पण त्याच्या हातातली संहिता जुनी असेल, तालमीत बदललेलं वाक्य तिच्यात नसेल, तर तो नटाला भर रंगमंचावर तोंडघशी पाडतो. दर वेळी नव्याने बनवायला का लावते, याचं उत्तर हे आहे. मायग्रेशन (टेबलांच्या रचनेतला बदल) झालं, कॉलमचं नाव बदललं आणि हेल्पर जुनाच राहिला, तर एडिटर छातीठोकपणे चुकीचं नाव सुचवेल. नवखा माणूस त्यावर विश्वास ठेवेल, कारण ठेवायलाच हवा. म्हणून आमच्याकडे मायग्रेशन आणि मॉडेलची कमांड ही जोडीनेच चालते. आणि कमांड द्यायच्या आधी तुमच्या मशीनवरचा डेटाबेस अद्ययावत आहे ना, ते बघा. नाहीतर शिळ्या टेबलाची ताजी कॉमेंट तयार होईल.

या कॉमेंट मॉडेलच्या फाईलमध्येच लिहाव्यात की वेगळ्या फाईलमध्ये, यावर टीममध्ये वाद आहेत. मॉडेल बरबटतात असं काहींना वाटतं. वेगळ्या फाईलमध्ये ठेवल्या तर एडिटरला एकाच नावाचे दोन क्लास दिसतात आणि तो गोंधळतो. त्यावर मिक्सिनचा पर्याय आहे (कॉमेंट वेगळ्या नावाच्या क्लासवर, मॉडेलमध्ये फक्त त्याचा उल्लेख), तो चांगला चालतो. माझं मत पहिल्यापासून एकच: मॉडेलमध्येच लिहा आणि कमिट करा, म्हणजे गिट या कोडच्या सामायिक नोंदवहीत चढवा. मॉडेल उघडणाऱ्याला टेबल समोर दिसतं, आणि रिव्ह्यू करताना कोणता कॉलम आला, कोणता गेला, ते लाल-हिरव्या ओळींत कळतं. फसाडची मोठी फाईल मात्र गिटमध्ये घालू नका. ती प्रत्येकाच्या मशीनवर कंपोझर (पीएचपीची पॅकेजं आणणारं साधन) अपडेटनंतर आपोआप बनू द्या. आणि प्रत्येक कॉलमसाठी ‘व्हेअर’ जोडून जी मेथड तयार होते, ती मी सेटिंगमधून बंद ठेवते. यादी विनाकारण फुगते आणि हवं ते नाव खाली दडतं.

एक प्रामाणिक गोष्टही सांगायला हवी. फसाडचं दुखणं आता पुष्कळ कमी झालंय, कारण लॅराव्हेलने स्वतःच प्रत्येक फसाडवर मेथडच्या ओळी लिहून ठेवल्यात. नसलेला कॉलम मागितला तर एक्सेप्शन फेकेल असा कडक मोडही मॉडेलला लावता येतो, आणि आम्ही तो लावतो. पण तो बोलतो कोड चालल्यावर. आणि तुमच्या टेबलात कोणते कॉलम आहेत हे लॅराव्हेलला लिहून ठेवता येणार नाही, ते तुमच्याच घरातलं आहे.

हल्ली प्रश्नाला एक शेपूटही असतं: “एआय पुढची अख्खी ओळ लिहून देतो, मग यादी हवी कोणाला?” मी ते बिलाचं मॉडेल कॉमेंट काढून त्याच्यापुढे ठेवून पाहिलं. त्याने व्याजाचा कॉलम लिहिला आणि स्पेलिंग लिहिलं अगदी बरोबर, ई सकट. म्हणजे २०१६ मध्ये मी केली तीच चूक. जगभरच्या कोडात जे जास्त आढळतं ते तो सुचवतो. आपल्या टेबलात काय आहे ते त्याला दाखवलं नाही तर तो तरी कसा सांगणार? कॉमेंट परत घातल्या, पुन्हा विचारलं, आणि ई गळला. तेव्हा हेल्पर आता दोघांसाठी बनवावा लागतो, एवढाच काय तो फरक पडलाय.

तो कॉलम अजून तसाच आहे. नाव बदलायचं तर जुने रिपोर्ट, सोसायटीच्या ऑडिटरसाठीची एक्सेल, सगळीकडे हात घालावा लागेल, आणि ते काम पुढच्या तिमाहीत धरलंय. सोमवारी आमच्याकडे एक मुलगी रुजू होतेय, तिलाही आधी बिलाचंच मॉड्यूल देणार आहे. आज संध्याकाळी निघण्यापूर्वी मायग्रेशन चालवलं, मॉडेलची कमांड दिली, कमिट केलं. व्याजाच्या कॉलमच्या ओळीपुढे मराठीत एवढंच लिहून ठेवलंय: स्पेलिंग टेबलात असंच आहे, तुझं चुकलेलं नाही.