बोर्डो मारणाऱ्यांच्या घरातून बोर्दोला

निफाडकडच्या आमच्या घरात ‘बोर्डो’ हा शब्द मी शाळेत जायच्या आधी शिकले. द्राक्षावर फवारायचं बुरशीचं औषध ते. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी. आप्पा त्या निळ्या द्रावणात विळा बुडवून बघायचे. पात्यावर तांबूस थर चढला की म्हणायचे, “चुना कमी पडला.” त्यामुळे ऑफिसच्या ट्रेनिंगसाठी जूनमध्ये फ्रान्समधल्या, वाइनसाठी नावाजलेल्या बोर्दोला जायचं ठरलं, तेव्हा घरात वाइनचं कुणी नावही काढलं नाही. आप्पा माळकरी. ते एवढंच म्हणाले, “औषध जिथून आलं ती बाग बघून ये.”

औषध खरं तर मेदॉकमधून आलं, बोर्दोच्या उत्तरेकडून. येणाऱ्याजाणाऱ्यांनी घड तोडू नयेत म्हणून तिथले शेतकरी रस्त्याकडेच्या ओळींवर मोरचूद आणि चुना शिंपडत. पानं निळी दिसली की चोर हात लावत नसे. १८८२ मध्ये मिलार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या ध्यानात आलं की डाऊनी या बुरशीच्या रोगाने बाकीची बाग झोडपली, पण या ओळींची पानं शाबूत आहेत. १८८५ मध्ये त्यांनी कृती जाहीर केली. चोरांच्या धाकाने सापडलेलं औषध!

पण माझ्याकडे एकच रविवार होता, गाडी नव्हती आणि मेदॉकच्या वायनऱ्या एकमेकींपासून लांब. म्हणून सँत-एमिलियों हे वाइनचं गाव धरलं. बोर्दोच्या सें-जाँ स्टेशनवरून लोकल गाडीने जेमतेम पाऊण तास. गडबड माझीच झाली. मी आठवड्याच्या दिवसांचं वेळापत्रक बघून निघाले होते. रविवारी गाड्या कमी, त्यामुळे लिबूर्नला उतरून दीड तास काढावा लागला. तो वाया गेला नाही. चौकात बाजार भरला होता. गाव तेराव्या शतकात इंग्रजांनी वसवलेलं, कारण तेव्हा हा मुलूख इंग्लंडच्या राजाचा होता. पुढे १४५३ मध्ये जवळच्याच कास्तियोंला इंग्रज हरले आणि फ्रान्सशी चाललेलं ‘शंभर वर्षांचं युद्ध’ संपलं. मी मात्र तिथे चेरी खात बसले होते.

सँत-एमिलियोंचं स्टेशन म्हणजे शेतातला थांबा. गाव तिथून दीडेक किलोमीटर, आणि वाट दोन्हीकडच्या बागांमधून. या दिवसातली सगळ्यात चांगली वीस मिनिटं हीच. मला चाळीस लागली.

मांडव नाही, वाय आकाराचे आधार नाहीत, ठिबकची नळी नाही. वेल छातीपेक्षा खालीच, तारांवर झाडून-पुसून उभे केलेले. घडातले मणी मिरीएवढे. ओळींच्या टोकाला गुलाब लावलेले. भुरी हा बुरशीचा रोग आधी गुलाबावर दिसतो, असं तिथे सांगतात. एका बाजूची पानं काढून घड मोकळे केले होते. आप्पांना व्हिडिओ कॉल लावला. तिकडे दुपार टळत होती. “पानावर निळं दिसतंय का?” मी कॅमेरा जवळ नेला. दिसत होतं, फिकट डाग. आप्पा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “कमी दाबाने मारलंय.”

गावातले दगडी उतार पावसात जीव घेतील असे आहेत. चपला घालून जाऊ नका. मुख्य आकर्षण म्हणजे एकाच चुनखडकात खोदून काढलेलं चर्च. आत गाइडशिवाय सोडत नाहीत, तेव्हा पर्यटन कार्यालयात आधी वेळ घ्यावी. वर मनोरा, खाली गारेगार अंधार. पांडवलेण्यांची आठवण आली, फक्त इथला खडक नखाने खरवडावा असा. शेजारच्या गुहेत एमिलियों नावाचा आठव्या शतकातला साधू राहायचा म्हणे. तिथल्या दगडी आसनावर बसलं की मूल होतं अशी श्रद्धा. आमच्या गटातल्या दोन बायका हसत हसत बसल्या. एक हसत नव्हती.

वाइन चाखायला एका छोट्या तळघरात आदल्या दिवशीच जागा राखली होती. वाइनमध्ये मेर्लो जातीची द्राक्षं जास्त, जोडीला कॅबर्ने फ्रां. घोट घ्यायचा, तोंडात खेळवायचा आणि बादलीत थुंकायचा. मला हे जड गेलं, चूळ भरल्यासारखं. तिथल्या बाईंनी विचारलं, तुमच्याकडे कोणती द्राक्षं? म्हटलं, थॉम्पसन, खायची. आणि आम्ही वर्षातून दोनदा छाटतो, एप्रिलमध्ये नव्या काड्यांसाठी खरड आणि ऑक्टोबरमध्ये फळासाठी गोडी. त्यांनी बाटली खाली ठेवली. त्यांच्याकडे हिवाळ्यात वेल झोपतो, तेव्हा छाटणी एकदाच. “मग तुमचा वेल झोपतो कधी?” या प्रश्नाचं उत्तर मला देता आलं नाही. मुळांवर मात्र आमचं जमलं. फिलॉक्सेरा या मुळांवरच्या किडीने फ्रान्सच्या बागा बसवल्यावर यांनी अमेरिकन खुंटावर कलमं बांधली. आमचा डॉगरिज खुंटही अमेरिकनच.

घरी काय न्यायचं हा पेच होता. बाटली शक्यच नव्हती. इथले साधे, भेगाळलेले बदामी माकारों कागदाला चिकटूनच मिळतात. दोन डझन बांधून घेतले आणि मग कळलं की त्यात अंड्याचा पांढरा बलक असतो. ते ऑफिसात वाटले.

परतीच्या वाटेवर बागेच्या कडेचा एक पांढरा खडा खिशात टाकला. आप्पांनी तो अंगठ्याने घासून बघितला. “ही तर चुनखड,” ते म्हणाले. “आपली बाग पिवळी पडली असती.”