माथेरान: दस्तुरीपासून पुढे सगळं पायीच

हा वृत्तांत नोव्हेंबरातल्या दोन दिवसांचा आणि एका मुक्कामाचा, तोही आठवड्याच्या मधल्या वारी. शनिवार-रविवारी हीच वाट धरली तर प्रत्येक टप्प्याला दीडपट वेळ धरावा. आणि पहिल्यांदा जाणाऱ्यांनी एक गोष्ट मनाशी पक्की करावी: माथेरानचं नियोजन पॉइंटांवरून करू नये, पायांवरून करावं. नकाशावर तीसहून जास्त पॉइंट दिसतात, त्यातले निम्मे एकाच दरीकडे बघतात.

मुंबईहून कर्जत किंवा खोपोली लोकलने पायथ्याच्या नेरळला दोन तासांत पोहोचता येतं. स्टेशनाबाहेर शेअर टॅक्सी लागलेल्या असतात, सीट भरल्या की सुटतात. घाट सात-आठ किलोमीटरचाच आहे, पण चढ खडा आणि वळणं आवळलेली. स्वतःची गाडी वर न्यायची असेल तर एसी बंद करून खालच्या गिअरमध्येच चढवा. वळणावर गिअर बदलायला गेलं की गाडी बंद पडते आणि मागे रांग लागते. उतरतानाही तोच गिअर. नुसत्या ब्रेकवर उतरलेल्या गाड्या खाली जळका वास सोडत उभ्या दिसतात. दस्तुरी म्हणजे वर मोटारी जिथे थांबतात तो नाका. सुट्टीच्या दिवशी तिथला वाहनतळ सकाळीच भरतो, मग गाड्या घाटातच अडकतात. अशा दिवशी गाडी नेरळला ठेवून टॅक्सीने जाणं शहाणपणाचं.

दुसरा मार्ग छोट्या गाडीचा. दोन फुटी रुळांवरून सुमारे वीस किलोमीटर, जुम्मापट्टी, वॉटर पाइप, अमन लॉज करत माथेरान. अडीच तासांच्या वर वेळ लागतो, म्हणजे टॅक्सीच्या कितीतरी पट. ज्याला पोहोचायची घाई आहे त्याने या गाडीच्या नादी लागू नये. पण एकदा तरी याच गाडीने वर जावं, उतरताना हवं तर टॅक्सी घ्यावी. चढणीला सकाळच्या दोनच गाड्या, डबे मोजके, तिकीट खिडकीवर गाडीच्या आधी. त्यामुळे पहिल्या लोकलने येऊन रांगेत उभं राहणाऱ्यालाच जागा मिळते. पावसाळ्यात साधारण जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत नेरळ-अमन लॉज टप्पा बंद असतो. अमन लॉज ते माथेरान शटल मात्र पावसातही चालते.

ही लाइन अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी 1904 ते 1907 या काळात सोळा लाख रुपये खर्चून बांधली. गाडी सुरू झाली 22 मार्च 1907 ला. काही ठिकाणी वीस फुटांना एक फूट असा चढ आहे, आणि दात असलेला मधला रूळ वगैरे काही नाही. म्हणून मग वळणं: दोनशेच्या वर, इतकी आवळलेली की खिडकीतून आपलंच इंजिन समोर आडवं दिसतं. एअर ब्रेक येण्याआधी डब्यांच्या जोडावर ब्रेकवाले उभे असत, ड्रायव्हरने शिटी दिली की हाताने चाक फिरवून ब्रेक आवळत. लाइनचा खरा शत्रू पाणी. 26 जुलै 2005 च्या पावसात ती जागोजागी वाहून गेली आणि शंभरी भरताना, 2007 मध्ये, परत सुरू झाली. 2019 च्या पावसात पुन्हा तुटली, पूर्ण मार्ग ऑक्टोबर 2022 मध्ये उघडला. म्हणून सुट्टीच्या तारखा ठरवण्याआधी गाडी चालू आहे का हे बघून घ्या, गृहीत धरू नका.

आता दस्तुरी. सहल बिघडते ती इथे. 2003 मध्ये माथेरान आणि भोवतालचा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर झाला. मोटारींना मज्जाव तर त्याच्या कितीतरी आधीपासूनचा. टॅक्सी दस्तुरीला सोडते, नाक्यावर प्रवासी कर भरून पावती घ्यायची आणि पुढे बाजारापर्यंत अडीच-तीन किलोमीटर. इथे नवख्या माणसाला गाठून "गाडी बंद आहे", "चालत दोन तास लागतात" असं सांगणारे भेटतात. पर्यटकांची ही दिशाभूल थांबावी म्हणून मार्च 2025 मध्ये गावाने स्वतःच बंद पाळला होता, यावरून काय ते समजा. खरं गणित असं: अमन लॉज स्टेशन नाक्यापासून पाच मिनिटांवर आहे, वेळापत्रक तिथल्या फलकावर असतं, शटलला वीसेक मिनिटं लागतात. चालत गेलात तर सामानाशिवाय पाऊण तास, लहान मुलं असतील तर तास. चढ फार नाही.

सामान हा वेगळा विषय. चाकांची बॅग इथे आणू नये. तांबड्या मातीत चाकं रुततात, पेव्हर ब्लॉकच्या फटीत अडकतात आणि अर्ध्या वाटेत हँडल हातात येतं. पाठीवरची सॅक, माणशी सात-आठ किलोच्या आत. जास्त असेल तर हमाल करा, आणि भाव नग मोजून व मुक्कामाच्या दारापर्यंतचा ठरवा, "बाजारापर्यंत" असा नको. कित्येक हॉटेलं बाजाराच्या पुढे किलोमीटरभर आत आहेत. खोली ठरवताना "डोंगर दिसतो का" याच्या आधी "माथेरान स्टेशनपासून चालत किती" हे विचारा. जेवण धरून भाडं आहे का आणि खोली किती वाजता सोडायची, हेही तेव्हाच विचारून घ्या. इथे दोन्ही गोष्टी हॉटेलागणिक बदलतात.

हातरिक्षा माथेरानची जुनी ओळख: एक जण पुढे दांडा धरून ओढणार, दोघे मागून रेटणार. डिसेंबर 2022 मध्ये ई-रिक्षांचा प्रयोग सुरू झाला आणि ऑगस्ट 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माणसाने माणसाला ओढण्याची ही पद्धत सहा महिन्यांत बंद करायला सांगितलं. वयस्कर माणसं बरोबर असतील तर ई-रिक्षाचा आधार मोठा आहे, पण संख्या मर्यादित, शाळेच्या मुलांचा आणि गावकऱ्यांचा हक्क आधी. घोडा घेतलात तर पॉइंटांची नावं आणि एकूण वेळ बोलून घ्या. "सात पॉइंट" असं मोघम ठरवलं की शेजारशेजारचे तीन एका दमात मोजले जातात. ब्लॉकच्या उतारावर घोड्याचा नाल घसरतो. तिथे उतरून चालावं, घोडेवाले मामाही हेच सांगतात.

गाव केवढं? 2011 च्या जनगणनेत लोकसंख्या 4,393, त्याआधीच्या जनगणनेपेक्षा कमीच. नगरपालिका मात्र 1905 ची. मे 1850 मध्ये ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट चौक गावात मुक्कामाला असताना वन ट्री हिलच्या बाजूने वर चढला आणि रामबागच्या बाजूने उतरला. गिरिस्थान म्हणून माथेरानची सुरुवात इथून धरतात. पुढे गव्हर्नर एल्फिन्स्टनने रस्ते आखून घेतले, पारशी आणि बोहरी कुटुंबांनी बंगले बांधले. "शोध" हा शब्द पाट्यांवर वाचताना थोडं हसू येतं, कारण धनगर, ठाकर आणि कातकरी यांच्या पायवाटा तोवर डोंगराच्या सगळ्या बाजूंनी वर येतच होत्या. माथ्यावरचं रान ते माथेरान, हे नावही त्यांच्याच बोलीतलं. विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, म्हणजे वीर भाई कोतवाल, इथलेच, जन्म 1 डिसेंबर 1912. वकील झाले, 1942 च्या लढ्यात आझाद दस्ता उभारून विजेचे मनोरे पाडले आणि 2 जानेवारी 1943 ला सिद्धगडावर हुतात्मा झाले. बाजारातून जाता-येता त्यांच्या स्मारकापाशी दोन मिनिटं थांबावं.

पहिल्या दुपारी पश्चिम बाजू करावी: बाजारातून लुइझा, मग सूर्यास्ताला पॉर्क्युपाइन. माथेरान मुख्य सह्याद्रीपासून सुटलेला, उत्तर-दक्षिण पसरलेला, साधारण आठशे मीटर उंचीचा डोंगर आहे. पश्चिमेला मधल्या दरीपलीकडे प्रबळगड, आणि त्याच्या उजव्या टोकाला इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच. खाचेच्या उजवीकडचा सुळका तो कलावंतीण. ही खाच दुपारी तीननंतर सूर्यासमोर येऊन नुसती काळी दिसते. फोटो हवा असेल तर लुइझाला सकाळी या. नोव्हेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि झाडीत अंधार लगेच दाटतो. परतीची वाट गर्द रानातून, दिवे तुरळक. मोबाइलच्या उजेडावर विसंबू नका, दोघांत एक तरी हातबॅटरी हवी. टपऱ्याही सूर्याबरोबरच बंद होतात.

दुसऱ्या दिवशी दक्षिणेचा फेरा, सकाळी साडेसहाला निघून: अलेक्झांडर, रामबाग, छोटा चौक, मोठा चौक, वन ट्री हिल, बेल्वेडेअर, शार्लोट तलाव, एको, मग बाजार. थांबत-थांबत पाच तास. माणशी दीड लिटर पाणी. या क्रमाने गेलं की सकाळी पूर्वेला उल्हासचं खोरं, आणि उन्हं चढतात तेव्हा आपण तलावाच्या झाडीत.  चौक आणि वन ट्री हिलवरून मोरबे धरणाचं पाणी आणि इर्शाळगडाचं नेढं, म्हणजे कातळातलं आरपार भोक, दिसतं. वन ट्री हिलचा तो एकट्या झाडाचा उंचवटा मुख्य पठारापासून खिंडीने तुटलेला आहे. त्यावर चढायची वाट निसरडी, खाली सरळ दरी. बघावं, चढू नये. इथूनच शिवाजीची शिडी म्हणून ओळखली जाणारी पायवाट खाली आंबेवाडीकडे उतरते. वाट माहीत असलेला कुणी बरोबर नसेल तर तिला हात लावू नका.

पायाखालची तांबडी माती म्हणजे जांभा. काळ्या बेसाल्टच्या थरांवर त्याची टोपी बसली आहे. जांभा पाणी पितो, बेसाल्ट पीत नाही, त्यामुळे दोघांच्या सांध्यावर झरे फुटतात आणि माथ्यावर रान टिकतं. याच कारणाने कडेचा जांभा आतून पोखरलेला असतो. वरून घट्ट दिसणारी कड बुटाखाली सुटते. कठड्यापलीकडे सेल्फीसाठी पाय टाकणाऱ्यांना हे ठाऊक नसतं. शार्लोट तलाव गावाच्या पिण्याच्या पाण्याचा, त्यात उतरायला बंदी आहे आणि तिथे माणसं बुडालेलीही आहेत. काठचं पिसरनाथाचं देऊळ ग्रामदैवताचं, चपला बाहेर आणि आवाज खाली.

पॅनोरमा आणि गार्बट या फेऱ्यात बसत नाहीत. पॅनोरमाला बाजारातून एका बाजूचे सव्वा ते दीड तास, सूर्योदयासाठी जायचं तर पहाटे पाचच्या आत निघा. दोन दिवसांत दोघांपैकी एकच करा. पावसाळ्यात मात्र तिथे जाऊन फक्त पांढरं धुकं दिसण्याची तयारी ठेवावी. इर्शाळवाडीवर 19 जुलै 2023 च्या रात्री दरड कोसळली ती याच डोंगररांगांत. मुसळधार पावसाच्या दिवसांत धोधाणी, गार्बट किंवा पेब बाजूच्या पायवाटांनी चढू नका, हवामानाचा अंदाज लाल असेल तर घाटही टाळा.

माकडांचं एक: ती पिशवीचा आवाज ओळखतात. प्लास्टिकची पिशवी हातात दिसली की ओढलीच समजा. खाऊ सॅकच्या आत, चेन बंद. शेकरू दिसायला हवं असेल तर सकाळी आठच्या आत, आंबा-जांभळाच्या उंच फांद्यांकडे बघत, न बोलता चाला. बाजारात चिक्की सगळेच घेतात, पण कातडी चपला बघाव्यात. घेताना अंगठ्याचा पट्टा उलटून शिवण तपासा, आणि संध्याकाळी, चालून पाय सुजलेले असताना मापाला घाला. सकाळी बरोबर बसलेली चप्पल दुपारी चावते.

परतताना अमन लॉजची शेवटची शटल आणि दस्तुरीहून खाली जाणाऱ्या टॅक्सी, दोन्हींची वेळ आदल्या दिवशीच विचारून ठेवा. अंधार पडल्यावर शेअर टॅक्सीच्या सीट भरायला फार वेळ लागतो आणि पूर्ण गाडीचे पैसे द्यावे लागतात. रोख पैसे जवळ हवेत, रेंज दरीच्या बाजूला जाते तशी फोनवरचे पैसेही अडकतात. घरी पोहोचल्यावर तांबडे झालेले मोजे आणि पँट लगेच पाण्यात टाकू नका. आधी पूर्ण वाळू द्या, कोरड्या ब्रशने माती झाडा, मगच भिजवा. ओल्यावर चोळलं की तो डाग जन्माचा.