लोडावर लोळण

रविवारी पहाटे रत्नागिरीत भाट्याच्या पुलापासून पळत निघालो आणि काय अंगात संचारलं कोण जाणे, थेट रत्नदुर्ग किल्ल्यावर भगवतीच्या देवळापर्यंत गेलो. तसाच धावत उतरलो. चढाने नुसता दम काढला, मांड्यांचं वाटोळं केलं ते उताराने. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जाता जाताच अंगाचा भार तोलून धरतो आणि त्याची वसुली दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी करतो. मंगळवारी ओटीवरून खळ्यात जायच्या ३ पायऱ्या मी खेकड्यासारखा आडवा उतरलो.

मग आखडलेले स्नायू मोकळे करायचा रोलर काढला. फोमचा, काळा, हातभर लांब. आजी त्याला लोड म्हणते. "लोडाला टेकून बसतात रे, त्याच्यावर पालथा पडून लोळतोस काय!"

पडवीतल्या गार कोब्यावर पालथं पडायचं, मांडीखाली रोलर, भार कोपरांवर, आणि बोट-बोट सरकायचं. किनाऱ्यावर होडी वर घेताना खाली गोल ओंडके घालतात, तसंच. फक्त होडीही मीच आणि ओढणाराही मीच. गुडघ्याच्या वर चार बोटांवर एक जागा आहे. तिथे आलं की "आई गं" निघतंच. चटकन पुढे सटकावंसं वाटतं. पण तिथेच ३० सेकंद थांबायचं, श्वास सोडत. आधी आवळलेले दात सुटतात, मागोमाग मांडी. हाडांवर आणि कमरेच्या मणक्यावर मात्र रोलर नको.

याने पळताना स्नायूत साठलेलं लॅक्टिक ॲसिड पिळून निघतं, असं जिममध्ये छातीठोक सांगतात. ते बिचारं पळणं थांबल्यावर तासा-दोन तासांत ओसरलेलं असतं. मंगळवारी पिळायला उरतंय कुठे? दाब सोसायची मज्जासंस्थेची तयारी तेवढी वाढते, आखडलेपण थोडं कमी होतं. थोडंच, पण खेकड्याला तेवढंही पुष्कळ.

पळताना माझं अर्धं लक्ष मनगटावरच्या घड्याळात. इथे नाकासमोर कोब्याची भेग, तीतून निघालेली मुंग्यांची रांग, पलीकडे खळ्यात परवापासून पडलेली झावळी. दहा मिनिटं कुठेच पोचायचं नसतं. झावळी उचलायची राहतेच.

काल आजीने खुर्चीत बसून तो लोड तळव्याखाली घेतला. पुढे-मागे, पुढे-मागे, डोळे मिटून. बऱ्याच वेळाने म्हणाली, "लाटण्यानेही झालं असतं हो. केवढ्याला आणलास?"

मी निम्मी किंमत सांगितली.