डबल बेल

मंगळवार, रात्री

गाडी गॅरेजमध्ये जाऊन आज चौथा दिवस. क्लच प्लेट पार गुळगुळीत झालीय म्हणे. "मॅडम, अर्ध्या क्लचवर चालवता का?" मेकॅनिकने विचारलं. लालबागहून रोज वरळीला जाणाऱ्या बाईला काय हा प्रश्न! सप्टेंबर २०२५ मध्ये एल्फिन्स्टनचा पूल पाडण्यासाठी बंद झाला आणि अख्खं परळ करी रोडच्या पुलावर येऊन धडकलं. दुपारी तीनपर्यंत तिकडे जायचं, तीननंतर इकडे यायचं, अशी तिथे एकेरी. माझ्या ऑफिसच्या वेळांना नेमकी जुळली म्हणून आधी खूश झाले होते. अर्धी मुंबई माझ्याच वेळेला निघते, हे नंतर कळलं.

तर मग बस. पहिल्या दिवशी आठ्या घालूनच स्टॉपवर उभी होते. खिडकी मिळाली. लोअर परळला नेहमीच्याच ठिकाणी अडकलो, आणि थोड्या वेळाने लक्षात आलं, माझा डावा पाय खाली रेटला जातोय. नसलेला क्लच दाबत बसले होते! पाय उचलून आडवा घेतला. कोंडी तीच, वेळही तितकाच गेला, पण आज ती निस्तरायची जबाबदारी दुसऱ्याची होती. मी निवांत बाहेर बघत बसले.

गाडीतून मला पुढच्या टेम्पोची नंबर प्लेट तेवढी दिसते. बसमधून चाळीचा पहिला मजला दिसतो. तिथे गॅलरीच्या गजाला आरसा अडकवून एक गृहस्थ दाढी करतात. शुक्रवारी होते, शनिवारी होते, कालही होते. आज बघते तर मिशी गायब! दिवसभर तेच डोक्यात. का काढली असेल?

बस म्हणजे अगदी सुखच, असंही नाही. काल संध्याकाळी उभ्यानेच आले, एका पोराच्या दप्तराची झिप सारखी पोटात रुतत होती. आणि रात्री-अपरात्री बाबांना केईएमला न्यायचं झालं तर गाडीच लागते. गुडघ्यांमुळे त्यांना बसची पायरी चढवत नाही.

ही पायरी त्यांनी नोकरीभर चढ-उतार केलेली. बेस्टमध्ये कंडक्टर होते. १५ जुलै १९२६ ला पहिली बस अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट धावली, ही तारीख त्यांना माझ्या वाढदिवसापेक्षा पक्की पाठ. एसीचं किमान तिकीट मे २०२५ मध्ये ६ चं १२ झालं, तर जणू त्यांच्याच खिशातून गेल्यासारखे अजून कुरकुरतात. माझ्या गाडीत पुढे बसले की सिग्नल हिरवा झाल्याझाल्या डॅशबोर्डवर दोनदा टकटक. डबल बेल, म्हणजे चल. मी चिडते. "बाबा, दिसतंय मला."

हे चार दिवस मात्र घरी आले की चौकशी सुरू. कुठे बसलीस? गर्दी किती होती? सुट्टे दिलेस ना? गाडीने येते तेव्हा "आलीस?" एवढंच विचारतात.

आत्ता मेकॅनिकचा फोन आला, उद्या संध्याकाळी गाडी तयार. म्हटलं, घाई नाही, शनिवारी नेते. बाबांनी टीव्हीवरची नजर न हलवता टीपॉयवर दोनदा टकटक केलं.