रबरी रिंगेचे अकरा दिवस

"पूल झाला, रस्ता झाला, जकात शून्य झाली, आता अडतंय कुठे?" थायलंडला आलो तेव्हा चाकणच्या मित्राला मी फोनवर ऐटीत ऐकवलं होतं. अडतंय कुठे ते गेल्या वर्षी कळलं. मालाच्या कोडच्या आठ आकड्यांत.

मी चोनबुरीत रबरी पार्ट बनवणाऱ्या कारखान्यात डिस्पॅच बघतो. त्याआधी नऊ वर्षं चाकणला हेच केलं. आमच्या ओ-रिंगा आणि गास्केटं हॅनोईजवळच्या एका गाड्यांच्या कारखान्याला जातात. एरवी लाएम चाबांगहून जहाजाने हायफाँगला, घाई असली की रस्त्याने. म्हणजे मुकदाहानला मेकाँगवरचा पूल (२००७ पासून वाहतुकीला खुला), पलीकडे सावन्नाखेत, लाओसच्या ९ नंबरच्या रस्त्याने सुमारे अडीचशे किलोमीटर, लाओ बाओला व्हिएतनाम, आणि डाँग हाहून वर उत्तरेला. या प्रवासाबद्दल सांगण्यासारखं काही घडलंच नाही. थायलंडात गाड्या डावीकडून चालतात, लाओस-व्हिएतनाममध्ये उजवीकडून, म्हणून आम्ही सावन्नाखेतला पुढचा ट्रॅक्टर, म्हणजे कंटेनर ओढणारं ट्रकचं डोकं, बदलतो. थाई लोक त्याला 'हुआ लाक' म्हणतात. कंटेनर तोच, सील तेच. तिथे सीलचा फोटो तेवढा मागून घ्या, नंबर नीट वाचता येईल असा.

कंटेनर पोचला. कागद पोचले नाहीत. म्हणजे पोचले, पण जुळले नाहीत.

आसियानच्या, म्हणजे आग्नेय आशियातल्या गटाच्या, देशांत आपापसातला बहुतेक माल बिनजकातीचा जातो. थायलंड, मलेशिया, सिंगापूर वगैरे जुन्या सहा देशांनी जकात २०१० पर्यंत काढली, व्हिएतनाम-लाओस वगैरेंनी पुढे २०१५ आणि २०१८ पर्यंत. पण माल आसियानमधलाच आहे हे दाखवायला फॉर्म डी लागतो. थायलंडच्या परकीय व्यापार खात्याकडे आधी मालाची मूळ-तपासणी करून घ्यायची: कच्चा माल कुठला, खर्च किती, किंमतीतला ४० टक्के हिस्सा आसियानमधला आहे का, नाहीतर कच्च्या मालाचा आणि तयार मालाचा टॅरिफ कोड (जकातीच्या यादीतला मालाचा नंबर) बदलतो का. आमचं रबर कंपाउंड ४००५ मध्ये बसतं, रिंग ४०१६ मध्ये. कोड बदलला, विषय संपला. थायलंड, व्हिएतनाम आणि आणखी तीन देशांत हा फॉर्म २०१८ पासून इलेक्ट्रॉनिक जातो, त्यामुळे शिक्क्यासाठी कुणी रांगेत उभं राहत नाही. छानच आहे सगळं.

सोमवारी सकाळी व्हिएतनामच्या ब्रोकरकडच्या मुलाचा मेसेज आला, "आन्ह, पिवळी." आन्ह म्हणजे दादा. पिवळी म्हणजे पिवळी वाट. तिथल्या कस्टमच्या संगणकात हिरवी वाट मिळाली तर माल सुटतो, पिवळीत कागद बघतात, लालमध्ये डबा उघडतात. पिवळी नेहमीचीच, मी मनावर घेतलं नाही. दुपारी दुसरा मेसेज: फॉर्म डीवर ४०१६.९३, आयातदाराच्या डिक्लरेशनवर ८७०८.९९. माल एकच आहे कशावरून?

एकाच रिंगेची दोन नावं. ४०१६ म्हणजे रबराची वस्तू, ८७०८ म्हणजे गाडीचा भाग.

पुढचे अकरा दिवस मी जे केलं त्याला काम म्हणवत नाही. कस्टमची कचेरी कुठल्या शहरातली ते लिहीत नाही, तिथल्या माणसांशी मला पुन्हा काम पडणार आहे. त्यांचं म्हणणं एवढंच, की दोन्ही कागदांवर एकच आकडा आणा. रास्त आहे. पण कुणी बदलायचा? आयातदार म्हणाला, आमच्या सिस्टिममध्ये हा पार्ट पहिल्यापासून ८७०८ आहे, तुम्ही फॉर्म बदला. मी आमच्या शिपिंगवाल्या पींना विचारलं. (थायलंडात कस्टम एजंटला नुसतं 'शिपिंग' म्हणतात, आपल्याकडच्या सीएचएसारखं, आणि पी म्हणजे ताई.) पी म्हणाल्या, मूळ-तपासणी ४०१६ वर झाली आहे, ८७०८ वर फॉर्म हवा तर तपासणी नव्याने करा. तिकडे कचेरीत रोज नवा प्रश्न. मंगळवारी चित्र द्या. बुधवारी चित्रावर मापं नाहीत. गुरुवारी मापं आहेत पण शिक्का नाही. शुक्रवारी साहेब ट्रेनिंगला. सोमवारी नवे साहेब, म्हणून चित्र पुन्हा द्या.

आणि तिकडे गाडीचा कारखाना! त्यांच्याकडे सहा दिवसांचा साठा होता. पाचव्या दिवशी त्यांचा परचेसवाला मला फोनवर शांतपणे म्हणाला, "तुमच्या रिंगेशिवाय आमची लाइन थांबली तर त्याचं बिल कुठल्या कोडखाली पाठवू?"

त्या रात्री मी जुने मेल उपसले. आयातदाराकडे ८७०८ आला कुठून? आला होता माझ्याकडूनच. तीन वर्षांपूर्वी गिऱ्हाईक नवं होतं, तेव्हा मी त्यांना पार्टची एक्सेल यादी पाठवली होती, आणि ती चाकणच्या जुन्या यादीवरून उचलली होती. चाकणला आम्ही गाडीला लागेल ते सगळं डोळे मिटून ८७०८ मध्ये टाकायचो. रात्री साडेबाराला एकटाच हसलो, मग कुणाला सांगायचं नाही असं ठरवलं. आज सांगतोय.

चूक माझी, मान्य. तरी अकरा दिवस माझे नव्हेत. फॉर्म डीचे नियम सांगतात की मालाच्या मूळाबद्दल शंका नसेल तर बारीकसारीक तफावतीवरून फॉर्म फेटाळू नये. इथे कोड कुठलाही धरा, रबर थायलंडचंच, भट्टी चोनबुरीचीच, जकात शून्यच. कुणाला काय सुटणार होतं?

सुटका झाली ती टॅरिफच्या पुस्तकातून. पुस्तक वाचा, खरंच वाचा. गाड्यांच्या विभागाच्या, म्हणजे सतराव्या विभागाच्या सुरुवातीला टिपा आहेत. दुसऱ्या टिपेत पहिलंच वाक्य: जॉइंट, वॉशर आणि तसल्या वस्तू, आणि कडक नसलेल्या व्हल्कनाइज्ड रबराच्या वस्तू, या विभागात येत नाहीत. त्या ज्या पदार्थाच्या, त्या पदार्थाच्या घरात जातात. शिवाय आसियानच्या आठ आकडी यादीत ४०१६.९३ खाली मोटारगाड्यांच्या गास्केट आणि ओ-रिंगांसाठी चक्क वेगळी ओळ आहे. म्हणजे गाडीला लागते म्हणून ती गाडीचा भाग होत नाही, हे पुस्तकानेच लिहून ठेवलंय. मी दोन पानांचं पत्र केलं, टीप पिवळ्या रंगाने रंगवली, आणि ब्रोकरच्या मुलाला एक रिंग हातात घेऊनच जायला सांगितलं. त्याने मला व्हिडिओ कॉल लावून मोबाइल टेबलावर टेकवून ठेवला होता. साहेबांनी रिंग बोटांत धरून ओढली, सोडली, ती टेबलावर टण्‌कन उडाली. मग त्यांनी टीप वाचली. दोनदा. मग पहिल्यांदाच सरळ प्रश्न विचारला: "मग तुमच्या आयातदाराने ८७०८ का लिहिलं?"

मी म्हटलं, जुनी यादी होती.

आयातदाराने डिक्लरेशन ४०१६ वर दुरुस्त केलं, फॉर्म डीला हात लावावा लागला नाही. माल त्याआधीच, सहाव्या दिवशी, पूर्ण जकातीची रक्कम भरून सोडवून घेतला होता. लाइन थांबली नाही, पण काठावर आली होती. हा मार्ग आम्हाला पहिल्याच दिवशी कुणी सांगितला नाही, म्हणून इथे सांगतो: फॉर्मवर वाद चालू असताना माल अडवून ठेवायची गरज नसते. नेहमीच्या दराने पैसे भरा, माल घ्या, फॉर्म मान्य झाला की परतावा मागा. फक्त फॉर्म डीच्या चौथ्या चौकटीत 'सवलत नाकारली' यावर खूण झालेली नाही ना, हे आधी बघा. तिथे खूण पडली की पुढे सगळं कठीण. आणि त्यांनी औपचारिक पडताळणी मागितली तर थायलंडच्या खात्याला उत्तर द्यायला ९० दिवस मिळतात, तिथवर जाऊ देऊ नका.

आणखी एक, हे खरं सुरुवातीलाच लिहायला हवं होतं. फॉर्मच्या सातव्या चौकटीत जो कोड असतो तो आयात करणाऱ्या देशाचा हवा, तुमचा नव्हे. चौकटीवर तसं छापलेलंच आहे. आम्ही कधी वाचलं नव्हतं, कारण पहिले सहा आकडे सगळीकडे सारखे आणि आम्ही तेवढेच बघायचो. आता पहिल्या ऑर्डरच्या आधी मी गिऱ्हाइकाच्या ब्रोकरकडून आठही आकडे लेखी मागवतो. फॉर्म माल निघाल्यापासून तीन दिवसांत झाला नाही तर तेराव्या चौकटीत 'मागाहून दिलेला' यावर खूण हवी. बिल सिंगापूरच्या ऑफिसातून निघणार असेल तर तिसऱ्या देशाच्या बिलाची खूणही तिथेच.

या प्रकरणानंतर आम्ही सर्टिफाइड एक्सपोर्टर व्हायचा अर्ज केला. सप्टेंबर २०२० पासून आसियानभर सोय आहे, मूळ देश आपणच बिलावर लिहून द्यायचा, फॉर्म डीची गरज नाही. नोंदणी मिळाली. कोड मात्र त्यावरही लिहावा लागतोच.

परतावा चौथ्या महिन्यात आला. रिंग ब्रोकरच्या मुलाने परत पाठवलीच नाही, म्हणाला साहेबांच्या टेबलावर पेन ठेवायच्या भांड्यात आहे. आणि हो, तेतच्या (व्हिएतनामी नववर्षाच्या) आधीच्या दोन आठवड्यांत या रस्त्याने काहीही पाठवू नका.