काकूंची बॅटरी

"भाऊ, पानी येईन तवा येईन. दिवसाची लाइन कवा देता?"

आज पारावर आमदार साहेब वैनगंगा-नळगंगा नदीजोड समजावत होते. गोसीखुर्द धरणाचं पाणी ४२६ किलोमीटर कालव्यानं थेट बुलढाण्यापर्यंत. ऐकून खरंच बरं वाटलं, हे पाणी आपल्याला पाहिजेच. तेवढ्यात मागून काकू उभ्या राहिल्या.

हातात बॅटरी. काचेला तडा, सुतळीनं घट्ट बांधलेली. सभेतून त्या थेट हरभरा ओलायला निघणार होत्या, कारण या आठवड्यात पंपाची थ्री फेज लाइन रात्रीचीच. मागच्या हिवाळ्यात त्यांच्या पुतण्याला धुऱ्यावर साप चावला होता. नशीब, वाचला.

साहेब म्हणाले, "दिवसा वीज देणारा सौर फीडर मंजूर आहे." काकूंनी विचारलं, "म्हंजे या हरभऱ्याले का पुढच्या?"

त्याचं उत्तर आलं नाही. आता साडेदहा वाजलेत, काकूंच्या वावरात बॅटरी हलताना दिसते आहे.

तुमच्या गावात दिवसा लाइन असते का?